असेंब्ली ड्रॉइंग: हाउसिंग नुसत्या रेषांचं आणि आतले गियर भरीव, हे स्क्रीनवर दिसतं पण कागदावर येत नाही

वर्मव्हील_शिरोली

नमस्कार मंडळी. प्रश्न छपाईचा आहे, पण आधी थोडी हकिकत सांगतो. नुसतं "प्रिंट नीट येत नाही" म्हटलं की पहिलं उत्तर "ड्रायव्हर अपडेट कर" असं येतं, आणि ते करून झालंय.

मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत एका लहान गियरबॉक्सच्या कारखान्यात डिझाइनला आहे. डिझाइनला म्हणजे मॉडेल, ड्रॉइंग, बीओएम (पार्टची यादी), आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो ओढून काढणं, सगळं मीच. सध्याचा वर्म रिड्यूसर (वेग कमी करणारा गियरबॉक्स, यात आट्यांचा वर्म दातांच्या व्हीलला फिरवतो) १०० सेंटरचा, म्हणजे दोन शाफ्टांत १०० मिमी अंतर, ४० रेशोचा. बिडाचं हाउसिंग, वर्मवर ३०२०७ टेपर बेअरिंगची जोडी, व्हीलच्या शाफ्टवर बॉल बेअरिंग, व्हीलच्या दोन बाजूंना दोन स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या), मग सर्क्लिप, सील वगैरे. बलून, म्हणजे पार्टच्या नंबरचे गोल, एकूण २७.

ते दोन स्पेसर म्हणजेच या प्रश्नाचं मूळ. एक २४ मिमी लांब, दुसरा २५. बाहेरून बघून काही कळत नाही. असेंब्लीला आमचे एक फिटर मामा आहेत, त्यांना सेक्शन व्ह्यू पाठ आहे. पण हाताखालची दोन पोरं नुकतीच आयटीआय करून आलीत. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाने स्पेसर अदलाबदल करून घातले. व्हील एक मिलिमीटर सरकलं. टेस्टला लावल्यावर तेल तापायला लागलं. खोलून दातांना निळा रंग लावून बघितला तर संपर्क सगळा दाताच्या एका कडेला. चूक पोराची म्हणता येईल, पण माझ्या ड्रॉइंगमध्ये ते दोन स्पेसर म्हणजे सेक्शनमधले दोन बारके हॅच केलेले चौकोन होते. मी तरी ओळखले असते का, शंकाच आहे.

मामा म्हणाले, "साहेब, पोरास्नी आतलं दिसंल असं चित्र द्या. वरचा डबा नुसता तारंचा काढा आणि आतलं खरंखुरं दावा."

मॉडेलमध्ये ते दहा मिनिटांत झालं. सॉलिडवर्क्समध्ये (आमचं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) असेंब्ली उघडली, हाउसिंग आणि कव्हरं वायरफ्रेम (नुसत्या कडांच्या रेषा) केली, आतलं सगळं शेडेड (भरीव) ठेवलं, २४ चा स्पेसर नारिंगी, २५ चा आकाशी. इतकं देखणं दिसलं की मालकांना बोलावून दाखवलं. मग ड्रॉइंग शीटवर तोच आयसोमेट्रिक व्ह्यू टाकला आणि गंमत संपली.

व्ह्यू 'हिडन लाइन्स रिमूव्ह्ड' (एचएलआर, मागच्या झाकलेल्या रेषा काढून) वर ठेवला तर सगळंच रेषांचं आणि हाउसिंगने आतलं झाकलेलं. 'शेडेड विथ एजेस' केला तर हाउसिंगसकट सगळं भरीव, म्हणजे शीटवर एक राखाडी डबा. 'वायरफ्रेम' केला तर वर्मचे आटे, व्हीलचे दात, बोल्ट, सगळं एकमेकांत, निव्वळ कोळ्याचं जाळं. वैतागून स्क्रीनशॉट काढून शीटवर चिकटवला. त्यातल्या तिरक्या रेषा छापल्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्यावर बलून लावायला कडाच पकडता येत नाही, आणि मॉडेल बदललं की स्क्रीनशॉट पुन्हा.

शीट ए२ ची आहे, छापतो ए३ वर, ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या लेझरवर. रंगीत प्रिंटर नाही आणि स्पेसरच्या प्रकरणानंतर मागायची ही वेळही नाही.

तर प्रश्न असा: एकाच व्ह्यूत काही पार्ट रेषांचे आणि काही शेडेड, असं ड्रॉइंगमध्ये होतं का? आणि झालं तर ते कागदावर उतरतं का?


नट_बोल्ट_चाकण

होतं. तुझ्याकडून दोन गोष्टी सुटल्यात. माझ्याही सुटल्या होत्या, म्हणून हसत नाहीये.

असेंब्लीत एखादा पार्ट वायरफ्रेम केलास की ती माहिती 'डिस्प्ले स्टेट' मध्ये (कुठला पार्ट कसा दिसतो याची नोंद) साठते. कॉन्फिगरेशनच्या (एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रूपांच्या) टॅबवर जा, खाली डिस्प्ले स्टेटची यादी असते. तुझा बदल त्या वेळी जी स्टेट चालू होती तिच्यात गेला, आणि ड्रॉइंगमधला व्ह्यू बहुतेक दुसरीच स्टेट धरून बसलाय. नवी स्टेट कर, तिला ओळखता येईल असं नाव दे (माझी 'छपाई' असते), त्यात हाउसिंग आणि कव्हरं वायरफ्रेम कर, असेंब्ली सेव्ह कर. मग ड्रॉइंगमध्ये व्ह्यूवर क्लिक करून डावीकडच्या पॅनेलमध्ये तीच स्टेट निवड.

आता दुसरी, जिच्यात जास्त लोक अडकतात. पार्टचं वायरफ्रेम असणं, त्याचा रंग, पारदर्शकपणा हे ड्रॉइंगमध्ये फक्त व्ह्यू शेडेड किंवा शेडेड विथ एजेस असेल तरच लागू होतं. व्ह्यू एचएलआर किंवा वायरफ्रेमवर असेल तर स्टेटमधून फक्त 'पार्ट लपवलाय की दिसतोय' एवढंच येतं. म्हणजे तू एचएलआरवर कितीही झटलास तरी आतलं भरीव होणार नव्हतं. मिश्र व्ह्यू हवा तर व्ह्यू शेडेड विथ एजेस ठेवायचा आणि रेषांचं काम स्टेटवर सोपवायचं.

यादीच्या खाली 'लिंक डिस्प्ले स्टेट्स टू कॉन्फिगरेशन्स' अशी खूण आहे. ती असेल तर प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या स्टेट वेगळ्या, आणि दुसऱ्या कॉन्फिगरेशनचा व्ह्यू टाकलास की तुझी 'छपाई' यादीत सापडणार नाही. मी एकदा अर्धा दिवस शोधत होते.

आणि हाउसिंग कास्टिंग आहे ना? मग प्रत्येक कोपऱ्याला फिलेट (गोलाई) असणार, आणि प्रत्येक फिलेटच्या दोन दोन रेषा. वायरफ्रेममध्ये त्या सगळ्या वर येतात. हाउसिंगचं एक वेगळं कॉन्फिगरेशन करून त्यात फिलेट आणि बारीक टॅप होल सप्रेस (तात्पुरते बंद) कर. छपाईपुरतं तेच वापर. फरक बघ मग.


वर्मव्हील_शिरोली

ताई, मानलं. स्टेटचाच घोळ होता, माझा व्ह्यू 'डिस्प्ले स्टेट-१' वर होता. फिलेट सप्रेस केल्यावर हाउसिंगच्या रेषा निम्म्याहून कमी झाल्या. शीटवर आता अगदी हवं तसं दिसतंय.

पण प्रिंट! रेषांचं हाउसिंग कागदावर तुटक तुटक येतंय, ठिपक्यांची रांग असावी तसं. हिडन लाइन आहे की काय असं वाटतं. वर्म आणि व्हीलच्या कडा फुटलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नारिंगी आणि आकाशी स्पेसर दोन्ही एकाच राखाडीत आलेत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. शेजारचा सेक्शन व्ह्यू, जो साधा एचएलआर आहे, तो त्याच कागदावर सुईसारखा बारीक आणि स्वच्छ आलाय. म्हणजे प्रिंटर ठीक आहे ना?


प्लॉटरवाला_अंबड

प्रिंटर ठीक आहे. माझं नाशिकला अंबडमध्ये प्लॉटिंगचं दुकान आहे, असे कागद रोज येतात आणि रोज शिव्या प्लॉटरला पडतात.

एचएलआर व्ह्यू प्रिंटरकडे रेषा म्हणून जातो: इथून इथपर्यंत, एवढ्या जाडीची. प्रिंटर ती स्वतःच्या पूर्ण बारकाव्याने काढतो. शेडेड व्ह्यू मात्र चित्र म्हणून जातो, फोटोसारखा. त्या चित्रात जे काही असेल, तुझं वायरफ्रेम हाउसिंगसुद्धा, ते ठिपक्यांत मोडूनच जातं. आता तो ठिपका केवढा हे बघ. ९६ डीपीआयला (इंचाला ९६ ठिपके) एक ठिपका ०.२६ मिमी. म्हणजे ०.२५ ची रेषा एक ठिपकाही पुरती भरत नाही, तिरकी असेल तर पायऱ्या होणारच. तुझ्या स्क्रीनशॉटचं हेच झालं होतं. १५० ला ठिपका ०.१७ मिमी. ३०० ला ०.०८५, म्हणजे ०.१८ च्या बारीक रेषेला दोन ठिपके मिळतात आणि ती रेषा वाटायला लागते. तेव्हा ३०० च्या खाली जाऊ नकोस.

६०० करावं का? ए३ चं चित्र ३०० ला साधारण ४९६० बाय ३५०८ ठिपके, रंगासकट ५२ एमबी. ६०० ला त्याच्या चौपट, २०० एमबीच्या वर. जुन्या ऑफिस प्रिंटरची मेमरी तेवढ्यात गुदमरते, मग अर्धाच व्ह्यू छापून येतो आणि लोक म्हणतात फाइल खराब आहे.

थेट प्रिंट देण्यापेक्षा आधी पीडीएफ कर. सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ निवडल्यावर ऑप्शन्सचं बटण असतं. तिथे 'हाय क्वालिटी लाइन्स', 'हाय क्वालिटी शेडेड एजेस' या खुणा आणि 'शेडेड/ड्राफ्ट जिऑमेट्री डीपीआय' असा आकडा आहे. तिन्ही बघून घे. पीडीएफ मोठी करून पाहिलीस की कागद वाया न घालवता कळतं काय येणार ते.

आता ठिपक्यांच्या रांगेचं. काळ्या-पांढऱ्या लेझरकडे राखाडी शाई नसते. राखाडी दाखवायचं तर तो काळे ठिपके विरळ टाकतो. मोठ्या पृष्ठभागावर डोळा फसतो. पण एका बारीक रेषेच्या जाडीत ठिपके विरळ टाकले की रेषा तुटते. तुझ्या हाउसिंगचा मॉडेलमधला रंग फिकट राखाडी असणार, २००-२००-२०० च्या आसपास. म्हणजे पाच ठिपक्यांतला एक काळा. मग रेषा कुठून दिसणार? 'छपाई' स्टेटमध्ये हाउसिंगला आणि कव्हरांना सरळ काळा रंग दे. रंग स्टेटमध्येच साठतो, मूळ मॉडेल तसंच राहतं.

स्पेसरचं तर गणितच आहे. रंगाचं राखाडी करताना लाल, हिरवा, निळा यांना सारखं वजन नसतं. नेहमीचं सूत्र म्हणजे ०.२९९ लाल, ०.५८७ हिरवा, ०.११४ निळा. नारिंगी (२५५, १६५, ०) चं होतं १७३. आकाशी (१३५, २०६, २३५) चं होतं १८८. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. त्यात १५ चा फरक, आणि वरून शेडिंगमुळे एकाच स्पेसरची एक बाजू उजळ, एक अंधारी. तो १५ चा फरक त्यात कुठल्या कुठे बुडतो. ड्रायव्हर आपापलं सूत्र थोडं वेगळं वापरतात, पण फार नाही. त्यापेक्षा एक पिवळा (२५५, २५५, ०) घे, तो २२६. दुसरा मोरपंखी (०, १५०, १५०) घे, तो १०५. गडद निळा घेऊ नकोस, तो इतका काळा येतो की त्याच्यावरची कडेची रेषा दिसत नाही.

पेज सेटअपमध्ये 'ड्रॉइंग कलर' हा 'कलर/ग्रे स्केल' वर ठेव. 'ऑटोमॅटिक' असेल तर प्रिंटर स्वतःबद्दल काय सांगतो त्यावर ठरतं, आणि प्रिंटर नेहमी खरं सांगतोच असं नाही.

एवढं करूनही हाउसिंगच्या रेषा मनासारख्या आल्या नाहीत तर त्या चित्रातून बाहेरच काढ. आमच्याकडे येणारा एक डिझायनर असं करतो: तोच व्ह्यू दोनदा टाकतो. पहिला शेडेड, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'हाइड/शो कॉम्पोनंट्स' मधून हाउसिंग आणि कव्हरं लपवलेली. दुसरा एचएलआर, त्यात उलट, फक्त हाउसिंग आणि कव्हरं दिसतात. मग दुसरा पहिल्यावर ठेवायचा. 'अलाइन ड्रॉइंग व्ह्यू' मध्ये 'बाय ओरिजिन' असा पर्याय आहे, त्याने एका दिशेला अचूक बसतो, दुसऱ्या दिशेला तो भरपूर झूम करून जुळवतो आणि दोन्ही व्ह्यूंची जागा लॉक करतो. आता हाउसिंग खऱ्या रेषांचं आहे, हवी ती जाडी दे. 'टँजंट एजेस रिमूव्ह्ड' (गोलाईच्या कडांच्या रेषा काढून) केलंस तर फिलेट सप्रेस करायचीही गरज नाही.

आणि ए२ ची शीट ए३ वर छापू नकोस, बाबा. सगळं ०.७ पट होतं. ०.१८ ची रेषा ०.१३ होते. पोरं ए३ वरच वाचणार असतील तर शीटच ए३ ची कर.


जुना_ड्राफ्ट्समन

बरेच दिवसांनी कोणी छपाईबद्दल विचारलं, म्हणून लिहितो.

मी १९८४ ला बोर्डावर सुरुवात केली. ट्रेसिंग पेपर, ०.२५, ०.३५ आणि ०.५ ची पेनं, चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची आणि कागद फाटणार नाही अशी प्रार्थना करायची. वरून अमोनिया प्रिंट. प्रिंट रूममधून बाहेर आलं की डोळे चुरचुरायचे. त्या प्रिंटवर राखाडी नावाचा प्रकारच नव्हता. निळसर रेषा आणि फिकट पार्श्वभूमी, संपलं. म्हणून आम्ही फरक दाखवायचो तो रेषेच्या जाडीने. जाड रेषा बारकीच्या निदान दुप्पट, हा नियम आजही आहे आणि आजच्या मुलांच्या ड्रॉइंगमध्ये तोच सगळ्यात आधी गायब असतो. सगळं एका जाडीत. मग शेडिंगची भूक लागते.

प्लॉटरवाल्यांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण ते पहिल्या प्रिंटपुरतं. बाळा, तुझ्या कारखान्यात तो कागद खाली गेल्यावर काय होतं ते बघ. पहिला तेलात भिजतो. मग कोणीतरी नाक्यावर जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणतो. मग झेरॉक्सची झेरॉक्स. तुझा १०५ आणि २२६ दुसऱ्या झेरॉक्समध्ये काळा आणि पांढरा होतो. २२६ चा स्पेसर उडून जाईल आणि १०५ चा काळा गोळा होईल. त्यावेळी कागदावर जे उरतं ते रेषांचं. तेव्हा शेडिंग करायचं तर कर, पण ते पुसलं गेलं तरी चित्र वाचता यायला हवं. आतल्या पार्टच्या बाह्यरेषा ०.५, हाउसिंग ०.२५. दोन व्ह्यूंची युक्ती म्हणूनच मला आवडली, तिच्यात जाडी हातात राहते.

मला विचारशील तर मी शेडिंग करणारच नाही. हाउसिंग लांब डॅश आणि दोन ठिपक्यांच्या बारीक रेषेने काढीन, एसपी ४६ (ड्रॉइंगचं भारतीय मानकांचं पुस्तक) मधली 'के' प्रकारची. सॉलिडवर्क्समध्ये पार्टवर राइट क्लिक करून 'कॉम्पोनंट लाइन फाँट' मध्ये फँटम दिलं की झालं. आतलं सगळं सलग रेषेत. कितीही झेरॉक्स काढा.

आणि स्पेसरवर बाण काढून शाब्दिक लिही: "२५ चा, ड्रेन प्लगच्या बाजूला". शब्द झेरॉक्समध्ये पुसले जात नाहीत. आम्ही ड्रॉइंगवर लिहायला लाजत नव्हतो. आता मुलांना वाटतं चित्रानेच सगळं सांगायचं.


व्हर्निअर_ताई

काका, एका गोष्टीवर आदराने भांडते. मी इन्स्पेक्शनला आहे. दोन ठिपक्यांची ती रेषा शेजारच्या पार्टसाठी असते, म्हणजे 'हा या असेंब्लीचा भाग नाही, नुसता संदर्भाला दाखवलाय'. आमच्याकडे एकदा बाहेरच्या वेंडरने अशाच ड्रॉइंगवरून ब्रॅकेट मोजलंच नाही आणि त्याच्याशिवाय माल पाठवला. भांडायला गेलो तर त्याने तीच रेषा दाखवली. आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. फिलेटच्या रेषा परवडल्या, पण हाउसिंग सलग बारीक रेषेतच ठेवा.

मूळ प्रश्नकर्त्याला: छपाई होईल हो नीट. पण २४ आणि २५ चे एकसारखे दिसणारे स्पेसर ठेवलेतच का? दोन्ही २४.५ करता येत नाहीत? कास्टिंग एका बाजूला जास्त खोल असेल म्हणून नसेल जमत, तर निदान २५ वाल्याच्या बाहेरच्या व्यासावर एक खाच मारा. लेथवर दोन मिनिटांचं काम आहे. पोराला चित्र बघावंच लागणार नाही, हातात घेतल्यावर बोटाला कळेल.


लेआउट_सातपूर

मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्याकडे सॉलिडवर्क्स नाही, ऑटोकॅडमध्येच थ्रीडी करतो. लेआउटवर (छपाईच्या पानावर) दोन व्ह्यूपोर्ट (मॉडेल दाखवणाऱ्या चौकटी) आहेत, एक शेडेड हवा, एक वायरफ्रेम. स्क्रीनवर तसं दिसतं, प्लॉटमध्ये दोन्ही वायरफ्रेम येतात. प्लॉटच्या डायलॉगमध्ये 'शेड प्लॉट' राखाडी झालंय, निवडताच येत नाही.


प्लॉटरवाला_अंबड

लेआउटमधून प्लॉट करताना ते तिथे बंदच असतं, कारण प्रत्येक व्ह्यूपोर्टचं वेगळं ठरतं. व्ह्यूपोर्टची चौकट निवड, प्रॉपर्टीजमध्ये 'शेड प्लॉट' आहे. एकाला कन्सेप्च्युअल किंवा रिअलिस्टिक दे, दुसऱ्याला वायरफ्रेम किंवा हिडन. मग प्लॉटच्या डायलॉगमध्ये त्याच्याच खाली 'क्वालिटी' बघ. ती 'ड्राफ्ट' वर असेल तर शेडेड व्ह्यूसुद्धा वायरफ्रेमच छापले जातात, तुझं बहुतेक तेच झालंय. 'नॉर्मल' ला जास्तीत जास्त ३०० डीपीआय मिळतं, 'प्रेझेंटेशन' ला ६००. नॉर्मल पुरतं.


लेआउट_सातपूर

ड्राफ्टवरच होतं. झालं. चहा लागू.


वर्मव्हील_शिरोली

उशिरा लिहितोय, मध्ये डिस्पॅचची गडबड होती.

सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं. शीट ए३ ची केली. व्ह्यू दोनदा टाकला, खाली शेडेड आतलं, वर एचएलआर हाउसिंग ०.२५ मध्ये, टँजंट एजेस काढून. 'बाय ओरिजिन' ने आडवं बसलं, उभं जुळवताना पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर चुकलो आणि शाफ्ट सीलच्या बाहेरून गेल्यासारखा दिसत होता. मामांनी लगेच बोट ठेवलं, "हे असं बसतंय व्हय?" पुन्हा केलं. बलून खालच्या व्ह्यूच्या पार्टला लावले, नंबर बीओएमप्रमाणे बरोबर आले.

पीडीएफ ३०० डीपीआयने केली. पिवळा आणि मोरपंखी कागदावर लांबून ओळखू येतात. मग काकांचं ऐकून तो कागद नाक्यावरच्या दुकानात नेला आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढायला लावली. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल हातात असताना कॉपीची कॉपी कशाला?" तिसऱ्या कॉपीत पिवळा पूर्ण पांढरा झाला होता आणि मोरपंखी जवळजवळ काळा. काका, तंतोतंत. पण गंमत अशी की त्यामुळे दोघांतला फरक उलट वाढला, एक पांढरा एक काळा. वर्मचे आटे मात्र गेले, तिथे नुसती काळी पट्टी उरली. वर्म कोणी उलटा घालत नाही, म्हणून ते सोडून दिलं. "२५ चा, ड्रेन प्लगच्या बाजूला" हे मात्र ३.५ मिमी अक्षरात लिहिलंय, ते तिन्ही कॉपीत शाबूत.

ताई, २४.५ चं तुम्ही म्हणालात तसंच आहे. कास्टिंगची पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) जुनी, एका बाजूचा बेअरिंगचा बोअर एक मिलिमीटर आत. पॅटर्न बदलायची म्हटल्यावर मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय मिटवला. खाच मात्र मंजूर झाली. २५ च्या स्पेसरवर मधोमध २ रुंद, ०.५ खोल. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, शेडेड व्ह्यूत खाच दोन रेषांसारखी दिसते, झेरॉक्समध्ये दिसत नाही.

काल पोरांनी नव्या कागदावरून पहिला बॉक्स लावला. निळा लावून बघितलं, संपर्क मधोमध. पोराला विचारलं, चित्र कसं वाटलं? म्हणाला, चित्र भिंतीवर आहे, मी खाच बघून घातला.

मामांची आता नवी मागणी आहे. कागद प्लास्टिकात घालून द्या म्हणतात. लॅमिनेट करून दिला तर ट्यूबलाइटखाली चमकतो आणि नेमका शेडेड भागच दिसत नाही. मॅट लॅमिनेशन ए३ मध्ये कोल्हापुरात कुठे होतं का, कोणाला ठाऊक असेल तर सांगा.